अंगणवाडीच्या आधीची तीन वर्षं : पालकांसोबत गोष्टींचा गट कसा सुरू करावा

अंगणवाडीच्या नोंदवहीत सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांची वेगळी यादी असते. या मुलांचं दर महिन्याला वजन होतं, लसीची आठवण दिली जाते आणि घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, म्हणजे टीएचआर, आई घेऊन जाते. अंगणवाडीत येऊन बसायला मात्र तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे मूल बोलायला शिकतं ती सगळी वर्षं घरातच जातात, आणि मुलाच्या भाषेबद्दल घरच्यांशी क्वचितच कुणी दोन शब्द बोलतं. पुढे पहिली-दुसरीत मूल वाचताना अडखळलं की सगळे बाराखडीकडे धावतात. बरेचदा कमी पडलेले असतात ते त्याआधीचे शब्द, गोष्टी आणि गप्पा.

ही उणीव भरून काढायला मोठा प्रकल्प लागत नाही. वस्तीतली दहा-बारा घरं, पंधरा-वीस पुस्तकं आणि महिन्यातून दोनदा तासभर वेळ एवढ्यावर पालकांसोबतचा गोष्टींचा गट सुरू होतो. नव्या अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या ताई, गावच्या वाचनालयाची मंडळी, सोसायटीतले तरुण आई-बाबा, यांपैकी कुणीही हे करू शकतं.

आधी एक गोष्ट पक्की करा

हा गट मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे. तुम्ही त्या मुलाला पंधरा दिवसांतून तासभर भेटणार. आई, आजी, बाबा, मोठी बहीण त्याच्यासोबत दिवसभर असतात. त्यामुळे गटात घ्यायची प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नावर पारखून घ्या : हे आई उद्या सकाळी भाकरी थापता थापता करू शकेल का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती गोष्ट सोडून द्या. रंगीत तक्ते, लॅमिनेट केलेली अक्षरं, महागडी खेळणी यांचा इथे काही उपयोग नाही. ती बघून आईला वाटतं की शिकवणं हे ताईंचं काम, आपल्याला कुठलं जमायला.

दुसरं म्हणजे, या वयात अक्षरओळख घ्यायची नाही. पाटी-पेन्सिल नको, गिरवणं तर नकोच. तीन वर्षांच्या आतलं वाचनशिक्षण म्हणजे भरपूर शब्द कानावर पडणं, आपण काही बोललो की समोरून उत्तर येतं हा अनुभव, यमकाची आणि तालाची गोडी, पुस्तक हातात धरून पान उलटता येणं, आणि चित्राचा खऱ्या वस्तूशी संबंध लागणं. हात तयार व्हायला कणकेचा गोळा, ओली माती, शेंगा सोलणं आणि जमिनीवर खडूने मनसोक्त रेघोट्या मारणं पुरतं.

यादी करा, आणि नवा दिवस काढू नका

यादी अंगणवाडी सेविकेकडे तयार असते. तुम्ही बाहेरचे असाल तर आधी तिला भेटा, मग पर्यवेक्षिकेला. सेविकेच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा आणि मोबाईलवरच्या नोंदींचा मोठा भार आहे. त्यात आणखी एक वही तिच्या गळ्यात बांधू नका. आशाताईलाही सोबत घ्या. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झालं की तिची घरभेट ठरलेली असते. त्या भेटीला तिच्यासोबत गेलात तर घरात ओळख आपोआप होते. केंद्र सरकारने २०२४ साली जन्म ते तीन वर्षांच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे आणले आहेत. पर्यवेक्षिकेकडे ‘नवचेतना’बद्दल विचारा. त्यात वयानुसार खेळ दिलेले आहेत, आणि आपलं काम सरकारी कामाच्या बाहेरचं नाही हे सांगायलाही तो आधार होतो.

आता दिवस कोणता? इथे माझं मत ठाम आहे : स्वतंत्र दिवस ठेवू नका. आई ज्या दिवशी बाळाला घेऊन येतेच, त्याच दिवसाला गट जोडा. टीएचआर वाटपाचा दिवस किंवा लसीकरणाचा दिवस सगळ्यात चांगला. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅमला ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं तेव्हा तीनशे कुटुंबांना बाळाच्या आरोग्य तपासणीच्या वेळीच पुस्तकांची पिशवी दिली गेली. त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ‘रीच आउट अँड रीड’ सुरू केलं. तिथेही बाळ तपासणीला आलं की डॉक्टरच त्याच्या हातात पुस्तक देतात आणि कसं वाचायचं ते आईला दाखवतात. आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. पहिलं पुस्तक हातात द्यायला तो मुहूर्त उत्तम, कारण तोवर बाळ बसू लागलेलं असतं आणि दिसेल ते धरून तोंडात घालत असतं.

तसं पाहिलं तर हा विचार आपल्या मातीतलाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या आणखी जवळ. लोक जिथे आहेत तिथे जायचं, हा त्यांचा धडा आजही तितकाच लागू पडतो.

हंगाम बघा. लावणीच्या दिवसांत दुपारी गट ठेवलात तर फक्त म्हाताऱ्या येतील. त्यांनाही जरूर घ्या, पण आयांसाठी संध्याकाळची वेळ ठेवा. बीड किंवा अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांचं वेळापत्रक वेगळं असतं. दसरा-दिवाळीला बिऱ्हाड हलतं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. अशा घरांना जाण्याआधी दोन पुस्तकं आणि चार खेळ देऊन ठेवा. परत आणून देण्याची अट घालू नका. शहरातल्या वस्तीत पाणी यायच्या वेळेला गट ठेवलात तर कुणी फिरकणार नाही. सोसायटीत रविवारची सकाळ बरी पडते, कारण तेव्हा बाबा घरी असतात.

पहिली भेट

सतरंजी टाका आणि सगळ्यांनी खालीच बसा, तुम्हीसुद्धा. खुर्ची आणि माईक नको, उद्घाटन नको. ‘मुलांच्या विकासात पालकांची भूमिका’ यावर भाषण तर अजिबात नको.

सुरुवात आज्यांपासून करा. ‘आजी, तुमच्या लेकराला निजवताना काय म्हणायचात?’ एवढं विचारलं की पुरे. पहिली आजी लाजते, दुसरी सुरू होते, आणि मग थांबवावं लागतं. अंगाई, जात्यावरची ओवी, बोटं मोजायचे खेळ, आपडी-थापडी, मांडीवर घोडा-घोडा. वस्तीत हा ठेवा असतोच. फक्त नव्या आयांना तो जुनाट वाटायला लागलेला असतो. त्यातला ताल आणि यमक पुढे शब्दांतले आवाज वेगळे ओळखायला फार उपयोगी पडतात, हे त्यांना साध्या शब्दांत सांगा. आजीची मान ताठ होते, आणि घरात या कामाला तिचा पाठिंबा मिळतो.

यानंतर एकच पुस्तक काढा आणि एका आई-मुलाच्या जोडीसोबत सगळ्यांसमोर करून दाखवा. भेटीचा हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा दीड वर्षाचा मुलगा आईच्या मांडीवर आहे. पानावर कुत्र्याचं चित्र आहे. आई लगेच म्हणते, ‘हे काय आहे? सांग ना. घरी तर सांगतोस. सांग ताईंना.’ मूल गप्प. आई ओशाळते. ही झाली परीक्षा. आता तुम्ही आईला म्हणा, ‘जरा थांबू या, तो कुठे बघतोय ते बघू.’ मूल कुत्र्याच्या शेपटीवर बोट ठेवतं. ‘हो, शेपूट. कुत्र्याची शेपूट. आपल्या मोत्याला पण आहे ना?’ इथे थांबा. मनातल्या मनात पाच अंक मोजा. मूल हात हलवून दाखवतं. ‘अश्शी हलवतो मोत्या शेपूट!’ पुन्हा थांबा. मूल म्हणतं, ‘भू.’ ‘भू भू करतो. काल रात्री किती भुंकत होता मोत्या, तू जागा झालास ना?’ एवढ्यात मुलाने तीन पानं एकदम उलटलेली असतात. उलटू द्या. पुस्तक उलटं धरलं तरी चालेल. दोन मिनिटांत उठून पळालं तरी पुस्तक वाचून झालं असंच समजा.

मग सगळ्यांना विचारा, काय काय दिसलं? त्या स्वतःच सांगतात : सुरुवात बाळाने केली, आईने त्याचाच शब्द उचलून थोडा वाढवला, चित्रातला कुत्रा घरच्या मोत्याला जोडला, आणि मधे मधे गप्प बसली. यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. आपण मोठी माणसं उत्तराला वेळच देत नाही. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकलेला असतो.

आता प्रत्येकीच्या हातात एकेक पुस्तक द्या आणि दहा मिनिटं त्यांना आपापल्या मुलासोबत बसू द्या. तुम्ही नुसतं फिरा. चुका काढू नका. एखादी छान थांबली, तर तेवढंच तिच्या कानात सांगा. शेवटी घरी करायला एकच गोष्ट द्या, पाच नको. पहिल्या पंधरवड्यासाठी माझी निवड नेहमी हीच असते : रोज एकदा, अंघोळीच्या वेळी, आपण काय करतोय ते बाळाला सांगत राहायचं. ‘आता डोक्यावर पाणी. गरम आहे का? आता पाय. दुसरा पाय कुठे गेला?’ याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पुस्तकं

विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, एकलव्य यांच्या याद्या बघा. मोठी स्पष्ट चित्रं, पानावर एखाद-दुसरं वाक्य, आणि आपल्याकडच्या मुलांना ओळखीच्या वस्तू, हे निकष ठेवा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर प्रथम बुक्सने मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत दिलेली आहेत. ती उतरवून छापताही येतात. पहिल्या पातळीची पुस्तकं निवडा. तीही या वयाला मोठी वाटली तर वाक्यं सोडा आणि चित्रांवर बोला.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतात ती घरी केलेली पुस्तकं. लग्नाच्या जुन्या पत्रिका गोळा करा. त्यांचा कागद जाड असतो, लाळेने लगेच विरघळत नाही. सहा-सात तुकडे सारख्या मापाचे कापा. त्यावर घरातल्या माणसांचे फोटो, साबणाचं नि बिस्किटाचं वेष्टण, दिनदर्शिकेतलं आंब्याचं नि गाईचं चित्र चिकटवा. कडेला दाभणाने दोन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. पिना मारू नका, मुलं त्या तोंडात घालतात. कोपरे कात्रीने गोल करा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत हे काम सगळ्यांनी मिळून करावं. बाबांना आणि मोठ्या भावंडांना ओढून आणायचं असेल तर यापेक्षा चांगलं निमित्त नाही. ‘हे आजोबा. हा बाबांचा ट्रॅक्टर. ही आपली शेळी.’ असं स्वतःचं घर असलेलं पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागतं.

पुस्तकं घरी जाऊ द्या. कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा फाटलेली परवडली. कापडी पिशवीत दोन पुस्तकं, पंधरा दिवसांनी बदली, आणि एका वहीत नाव नि तारीख, एवढी व्यवस्था पुरते. पुस्तक फाटलं म्हणून आई गटाला यायची बंद झाली, असं होता कामा नये. म्हणून पहिल्याच दिवशी चिकटपट्टी दाखवा आणि सांगा, ‘फाटलं तर आणा, इथे बसून जोडू.’

कोणत्या वयाला काय

बसता न येणाऱ्या बाळाला तोंडासमोर धरून बोलायचं. ते आवाज काढेल, तोच आवाज आपण परत काढायचा, आणि पुन्हा त्याची वाट बघायची. नऊ-दहा महिन्यांपासून बोट दाखवणं सुरू होतं. बोट दाखवलं की वस्तूचं नाव सांगायचं. दीड वर्षानंतर मूल एक शब्द बोललं की आपण दोन-तीन शब्दांचं वाक्य करून परत द्यायचं. दोन वर्षांनंतर तीच ती गोष्ट रोज हवी असते. कंटाळू नका, त्याच गोष्टीतून मुलं शब्द पाठ करतात आणि पुढचं काय ते आधीच सांगायला लागतात. गोष्टीतलं शेवटचं वाक्य अर्धं सोडून द्या, मूल ते पुरं करेल.

नेहमी येणाऱ्या अडचणी

‘मला वाचता येत नाही, मी काय शिकवणार?’ हा पहिला प्रश्न. या वयातल्या पुस्तकातले अक्षर न अक्षर वाचायची गरजच नसते. चित्र बघून बोलायचं असतं, आणि ते प्रत्येकीला येतं. गटात मुद्दाम शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक घ्या आणि न शिकलेल्या आईला पहिली संधी द्या. बरेचदा शिकलेल्या आईपेक्षा ती जास्त रंगवून सांगते, कारण छापील ओळीत ती अडकत नाही.

घरची बोली कोणती, याचा अजिबात बाऊ करू नका. वारली, कोरकू, भिलोरी, पावरी, गोंडी, बंजारा, अहिराणी, मालवणी, जी घरात बोलली जाते तीच बाळाशी बोलायची. ‘शाळेत मराठी लागेल म्हणून आत्तापासून शुद्ध बोला’ असं सांगणाऱ्यांना नम्रपणे थांबवा. ज्या भाषेत आईला लाड करता येतात, रागवता येतं, गोष्ट रंगवता येते, त्याच भाषेत मूल बोलायला शिकतं, आणि दुसरी भाषा त्या पायावर उभी राहते. तुम्हाला ती बोली येत नसेल तर गट चालवायला वस्तीतलीच एखादी मुलगी तयार करा. शहरात हाच प्रश्न इंग्रजीच्या रूपाने येतो. नर्सरीच्या प्रवेशाच्या धास्तीने मराठी आई-बाबा दोन वर्षांच्या मुलाशी ‘ॲपल घे, वॉटर पी’ असं तुटक बोलू लागतात. त्यात वाक्यं आखडतात आणि गप्पा संपतात. परदेशातल्या मराठी घरांनाही माझं हेच सांगणं आहे : तिथली भाषा मुलाला बाहेर मिळणारच आहे, घरात मोकळेपणाने मराठी बोला.

बाबा येत नाहीत. त्यांना ‘पालक सभे’ला बोलावू नका, काम सांगून बोलवा. पुस्तकं शिवायला, सतरंजी आणायला, फोटो छापून आणायला. आले की मूल त्यांच्याच मांडीवर द्या.

सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा पोराला पुस्तक कशाला?’ वाद घालू नका. पुढच्या वेळी त्यांच्याकडूनच एक गोष्ट सांगून घ्या.

मोबाईल

आयांचा व्हॉट्सॲप गट जरूर करा, पण तो मोठ्यांसाठी. आठवड्याला एक छोटा निरोप, तोही ध्वनिमुद्रित, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही : ‘या आठवड्यात भाजी निवडताना बाळाच्या हातात एकेक भाजी द्या, वास घ्यायला लावा, नाव सांगा.’ बालगीतांच्या चित्रफिती त्या गटात टाकू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात दिवसाला तासाभराच्या वर जाऊ नये, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. पडदा मुलाची वाट बघत थांबत नाही आणि त्याच्या ‘भू’ला उत्तर देत नाही. तरीही मोबाईल हातात देणाऱ्या आईला दोष देऊ नका. एकटीने घर सांभाळणाऱ्या बाईला अर्धा तास हात मोकळे हवे असतात. त्या वेळात मुलाला काय देता येईल ते तिच्यासोबत बसून शोधा : डबे आणि झाकणं, चिंध्यांची पिशवी, परातीत थोडं पाणी आणि वाटी, पण पाण्याजवळ मोठ्या माणसाची नजर हवीच.

घरी जा, आणि नीट बघा

दोन भेटींच्या मधे निदान काही घरांत डोकावून या. तपासणीला नाही, चहाला. पुस्तक कुठे ठेवलंय ते बघा. वर फडताळात असेल तर खाली मुलाच्या हाताशी ठेवायला सांगा. मूल बोलतं तेव्हा कुणी उत्तर देतं का, ते ऐका. गट चालतोय की नाही हे हजेरीवरून कळत नाही. मूल स्वतः पुस्तक घेऊन मोठ्यांच्या मांडीत येऊन बसायला लागलं, आई ‘सांग ना’ कमी म्हणू लागली, मोठी बहीण धाकट्याला चित्रं दाखवू लागली, या खुणा खऱ्या.

एका बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. वर्षाचं झालं तरी बाळ बडबडत नाही, आवाजाकडे वळत नाही, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी येणारे शब्द गेले, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून सोडून देऊ नका. कान तपासून घ्यायला सांगा. आशाताईला आणि सेविकेला कळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पुढची तपासणी मोफत होते. पथकाची वाट बघत महिने घालवण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच दाखवलेलं बरं. आईला हे एकटीला, बाजूला घेऊन सांगा. गटासमोर कधीच नाही.

तीन वर्षं झाली की

मूल अंगणवाडीत बसायला लागण्याच्या आधीच्या महिन्यात आई-मुलाला दोन-तीनदा तिथे नेऊन थोडा वेळ बसवा. आवडतं पुस्तक सोबत द्या. सेविकेला सांगा की हे मूल घरात कोणती बोली बोलतं, कोणत्या गोष्टीवर हसतं, शू लागली की कोणता शब्द वापरतं. शेवटची माहिती पहिल्या आठवड्यात फार कामाला येते.

आयांचा गट मोडू नका. पुढे पहिलीच्या तोंडावर शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान असतं आणि त्यात माता गट केले जातात. तुमच्या आया तिथे आधीच तयार असतील. त्यांच्यातल्या दोघी-तिघींना आता नवा गट चालवायला द्या. पहिल्या भेटीचं पुस्तक त्यांनी निवडावं, मांडीवर नवं बाळ घेऊन त्यांनीच करून दाखवावं, आणि तुम्ही मागे सतरंजीवर बसून वहीत नावं लिहावीत.